प्रकाशाच्या चिमटीत पाण्याचा थेंब

गोंदिया जिल्ह्याचे अर्थकारण आणि समाजजीवन पाण्याभोवती उभे आहे. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा अस्तित्वात आला आणि तलावांचा जिल्हा ही ओळखही त्याने बरोबर आणली. नवेगावबांध, बोदलकसा व चोरखमारा हे जलाशय, इटियाडोहाचे धरण, गावोगावचे माजी मालगुजारी तलाव आणि वैनगंगेचे पात्र यांवर येथील धानाची शेती अवलंबून आहे. हे पाणी डोळ्यांना दिसते. तलावाची पातळी मोजपट्टीवर वाचता येते, पाऊस पर्जन्यमापकात मोजता येतो, कालव्याचे पाणी पाळीप्रमाणे वाटता येते. परंतु याच परिसरात पाण्याचे आणखी एक रूप सतत वावरत असते. ते मोजपट्टीवर दिसत नाही आणि पर्जन्यमापकातही पडत नाही. ढगातील, धुक्यातील, धानावरील फवारणीतील आणि माणसाच्या श्वासातील सूक्ष्म थेंब हे ते रूप होय.

हे थेंब हवेत किती काळ टिकतात, वाऱ्याबरोबर किती दूर जातात आणि वाटेत त्यांचे काय होते, हे प्रश्न केवळ शास्त्रज्ञांच्या कुतूहलाचे नाहीत. रोवणी खोळंबली असता कृत्रिम पावसाकडून किती अपेक्षा ठेवावी, तुडतुड्यांवरील फवारणी दिवसाच्या कोणत्या प्रहरी करावी, वर्गखोलीच्या खिडक्या कशा असाव्यात, हे ग्रामपातळीवरील निर्णय त्यांच्या उत्तरांशी निगडित आहेत. ती उत्तरे मिळवण्याचे एक अत्यंत नाजूक साधन गेल्या अर्धशतकात विकसित झाले आहे. त्यात लेसरच्या किरणाने एकच थेंब हवेतल्या हवेत धरून ठेवला जातो आणि तासन्‌तास त्याचे निरीक्षण केले जाते.

चंचल थेंब

हवेतील थेंबांचे माप मायक्रोमीटरमध्ये सांगतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या डोक्यावरील केसाची जाडी साधारणपणे ५० ते १०० मायक्रोमीटर असते. ढगातील थेंबाचा व्यास बहुधा १० ते २० मायक्रोमीटर असतो. १० मायक्रोमीटर व्यासाचे सुमारे दोनशे कोटी थेंब एकत्र केले, तर एक ग्रॅम पाणी भरते. पावसाचा २ मिलिमीटर व्यासाचा एक थेंब तयार व्हायचा, तर २० मायक्रोमीटर व्यासाचे दहा लाख ढगथेंब एकत्र यावे लागतात.

थेंबाच्या आकारावर त्याचे हवेतील आयुष्य ठरते. शांत हवेत १०० मायक्रोमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे २५ सेंटिमीटर या वेगाने खाली येतो. १० मायक्रोमीटरचा थेंब सेकंदाला केवळ ३ मिलिमीटर उतरतो. १ मायक्रोमीटरच्या थेंबाला तर एक मीटर उतरण्यास सुमारे आठ तास लागतील. इतक्या अवधीत थेंब आहे तसा मात्र राहत नाही. हवा कोरडी असेल, तर त्यातील पाणी उडून जाते. हवा दमट असेल, तर तो फुगतो. त्यात मीठ, आम्ल, धूर किंवा औषध विरघळलेले असेल, तर त्याची वागणूक आणखी बदलते.

असा थेंब अभ्यासायचा कसा, ही मोठी अडचण होती. काचेवर घेतला, तर तो पसरतो आणि काचेचा स्पर्शच त्याच्या गुणधर्मांत बदल घडवतो. हवेत मोकळा सोडला, तर तो क्षणात दृष्टिआड होतो. लक्षावधी थेंबांचा समूह एकदम मोजला, तर केवळ सरासरी हाती येते. जत्रेचा गोंगाट दुरून ऐकणाऱ्याला त्यातील एका माणसाचे बोलणे कळत नाही, तशीच ही स्थिती होती. थेंबाला कशाचाही स्पर्श होऊ न देता तो एका जागी धरणे आवश्यक होते, आणि हे काम प्रकाशाने केले.

प्रकाशाचा धक्का

प्रकाश वस्तूवर पडला की तिला किंचित ढकलतो. धूमकेतूचे शेपूट सूर्यापासून दूर वळलेले असते, हे पाहून केप्लर याने सतराव्या शतकातच असा तर्क केला होता. मॅक्सवेल याने १८७३ मध्ये या दाबाचे गणित मांडले आणि रशियन शास्त्रज्ञ लेबेदेव याने १९०० च्या सुमारास तो प्रयोगाने दाखवून दिला. हा दाब किती क्षीण आहे, हे धानाच्या बांधीवरून समजू शकेल. भर दुपारचे ऊन एक हेक्टर शेतावर लंबरूप पडले आणि पूर्णपणे शोषले गेले, तर त्या सबंध शेतावर पडणारा प्रकाशाचा भार तीन-साडेतीन ग्रॅमच्या आसपास भरतो. म्हणजे धानाचे शंभर-दीडशे दाणे त्या हेक्टरभर जमिनीवर ठेवल्यासारखेच ते होय.

इतका अल्प दाब माणसाच्या व्यवहारात कधीच जाणवत नाही. परंतु थेंबाचे वजनही तितकेच नगण्य असते. प्रकाश एका सूक्ष्म जागेत एकवटता आला, तर तो थेंबाला पेलू शकेल, हा विचार लेसरमुळे प्रत्यक्षात आला. १९६० मध्ये अमेरिकेत मेमन याने पहिला लेसर चालवून दाखवला. बेल प्रयोगशाळेतील आर्थर अ‍ॅश्किन या शास्त्रज्ञाने १९७० मध्ये लेसरच्या दाबाने सूक्ष्म गोळ्या हलवता व अडकवता येतात, हे सिद्ध केले. १९७१ मध्ये अ‍ॅश्किन व त्यांचे सहकारी डिझिएट्झिक यांनी खालून वर सोडलेल्या लेसर किरणावर काचेची सूक्ष्म गोळी हवेत तरंगत ठेवली आणि १९७५ मध्ये द्रवाचे थेंबही तसेच पेलून दाखवले. १९८६ मध्ये एकाच, परंतु तीव्रपणे केंद्रित केलेल्या किरणाने कण पकडण्याची पद्धत प्रसिद्ध झाली. तिलाच आज प्रकाशचिमटा म्हटले जाते. या कार्याबद्दल अ‍ॅश्किन यांना २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, नोबेल पारितोषिक मिळाले.

थेंब कसा धरतात

कारंज्याच्या धारेवर तोललेला प्लॅस्टिकचा हलका चेंडू अनेकांनी पाहिला असेल. पाण्याचा झोत त्याला वर उचलतो आणि बाजूला सरकू लागला की पुन्हा मध्यावर आणतो. लेसरच्या किरणात थेंब असाच स्थिरावतो. मात्र त्यामागील कारण निराळे आहे.

पाण्याचा गोल थेंब हे एक भिंगच असते. त्यातून जाताना प्रकाशाचे वक्रीभवन होते, म्हणजे त्याची दिशा बदलते. वैनगंगेतील नावाडी वल्ह्याने पाणी मागे लोटतो, तेव्हा नाव पुढे सरकते. त्याचप्रमाणे थेंब ज्या बाजूला प्रकाश वळवतो, त्याच्या विरुद्ध बाजूला तो स्वतः ढकलला जातो. लेसरचा किरण मध्यभागी अधिक तेजस्वी व कडेला मंद असतो. थेंब डावीकडे सरकला, तर त्याच्या उजव्या अंगावर अधिक प्रकाश पडतो. हा प्रकाश डावीकडे वळतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून थेंब उजवीकडे, म्हणजे पुन्हा मध्यावर येतो. किरण शक्तिशाली भिंगाने एका बिंदूत केंद्रित केला असेल, तर थेंब त्या बिंदूजवळ सर्व बाजूंनी ओढून धरला जातो.

यासाठी प्रचंड शक्तीचा लेसर लागत नाही. १० मायक्रोमीटरचा थेंब पेलण्यास दहा-वीस मिलिवॉट शक्ती साधारणपणे पुरते. बहुधा हिरवा प्रकाश वापरतात, कारण पाणी तो जवळजवळ शोषत नाही आणि त्यामुळे थेंब तापत नाही. काजळीचा कण मात्र प्रकाश शोषून तापतो व या साध्या रीतीने धरता येत नाही. त्याकरिता निराळ्या रचनेचे किरण वापरावे लागतात.

प्रयोगाची मांडणी समजण्यास कठीण नाही. मुठीत मावेल एवढ्या बंद काचकुपीत तुषार सोडतात. दम्याच्या रुग्णांना औषधाची वाफ देण्यासाठी दवाखान्यात जे यंत्र वापरतात, तशाच यंत्राने हे तुषार तयार करता येतात. धुक्याप्रमाणे हिंडणाऱ्या या थेंबांपैकी एखादा लेसरच्या बिंदूत सापडतो. शेजारचे काही थेंब त्यावर आदळून तो थोडा मोठा होतो. उरलेले तुषार काढून टाकले की एकटा थेंब अधांतरी चकाकत राहतो. त्यानंतर कुपीत कोरडा व दमट वायू ठराविक प्रमाणात मिसळून सोडतात आणि हवी ती आर्द्रता निर्माण करतात. जणू मृगापासून वैशाखापर्यंतचे सारे ऋतू त्या एका थेंबाभोवती फिरवता येतात.

थेंबाचे अंतरंग

धरलेल्या थेंबात काय चालले आहे, हे जाणण्याचे साधन एका भारतीय शास्त्रज्ञाच्या शोधावर आधारलेले आहे. चंद्रशेखर वेंकट रामन हे प्रारंभी वित्त खात्यात अधिकारी होते आणि १९१० च्या सुमारास काही काळ त्यांची नेमणूक नागपूर येथे होती. २८ फेब्रुवारी १९२८ रोजी त्यांनी जो शोध लावला, तो रामन परिणाम म्हणून प्रसिद्ध आहे. त्याबद्दल त्यांना १९३० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश टाकला, तर परत येणाऱ्या प्रकाशात किंचित बदललेले रंगही मिसळलेले असतात. हा बदल त्या पदार्थाच्या रेणूंवर अवलंबून असतो. म्हणून प्रत्येक पदार्थाचा रामन वर्णपट ही त्याची ओळख ठरते. थेंब धरून ठेवणारा लेसरच हा वर्णपटही निर्माण करतो. त्यावरून थेंबात पाणी किती, क्षार कोणता, तेलाचा अंश आहे काय, हे थेंब न फोडता कळते.

थेंबाचा आकारही याच वर्णपटावरून मिळतो. विजापूरच्या गोल घुमटात भिंतीशी केलेली कुजबुज घुमटाच्या कडेकडेने फिरून पलीकडच्या बाजूला ऐकू येते. गोल थेंबात प्रकाशही असाच आतल्या कडेने फेऱ्या मारतो. फेरीची लांबी प्रकाशाच्या तरंगलांबीशी अचूक जुळली की तो रंग प्रखर होतो आणि वर्णपटात टोकदार रेषा उमटतात. थेंब किंचित जरी आकसला, तरी या रेषा सरकतात. त्यांच्या स्थानावरून थेंबाची त्रिज्या काही नॅनोमीटरपर्यंत अचूक काढता येते. एक नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग. ध्वनीच्या अशा कुजबुज-घुमटांचाही रामन यांनी १९२१-२२ च्या सुमारास अभ्यास केला होता, हा एक सुंदर योगायोग होय.

मिठाच्या थेंबाचा धडा

या पद्धतीने शिकवलेला सर्वांत मोलाचा धडा साध्या मिठाच्या थेंबाचा आहे. पावसाळ्यात डब्यातील मिठाला पाणी सुटते, हा घरोघरीचा अनुभव आहे. शुद्ध खाण्याच्या मिठाच्या बाबतीत हे नेमके सुमारे ७५ टक्के सापेक्ष आर्द्रतेला घडते. त्याखालच्या आर्द्रतेत कोरडा कण कोरडाच राहतो. ती मर्यादा ओलांडताच तो हवेतील बाष्प ओढून घेतो आणि त्याचा थेंब होतो.

आता हाच थेंब हळूहळू सुकवला, तर तो ७५ टक्क्यांना पुन्हा कोरडा व्हावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात अधांतरी धरलेला थेंब तसे करत नाही. आर्द्रता सुमारे ४५ टक्क्यांपर्यंत उतरेतो तो द्रवरूपच राहतो आणि मग एकाएकी त्याचा स्फटिक होतो. स्फटिक सुरू होण्यास काही तरी आधार लागतो. थाळीतल्या पाण्याला तो थाळीच्या पृष्ठभागाचा व धुळीचा मिळतो. अधांतरी थेंबाला तो मिळत नाही. म्हणजे ६० टक्के आर्द्रतेच्या एकाच हवेत मिठाचा एक कण कोरडा आणि दुसरा थेंबाच्या रूपात असू शकतो. कोण कोणत्या रूपात आहे, हे तो कोरड्या हवेतून आला की दमट हवेतून, यावर ठरते. थेंबाला पूर्वेतिहास असतो आणि केवळ आजची हवा मोजून त्याची अवस्था सांगता येत नाही. हे तथ्य ढग, धुके, फवारणी आणि श्वास या चारही ठिकाणी उपयोगी पडते.

महाराष्ट्रातील कार्य

लेसर आणि थेंब यांचा मेळ महाराष्ट्रातही घातला गेला आहे. पुणे येथे १९६२ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून उपकरणांनी सज्ज विमान ढगांत पाठवून त्यांचा अभ्यास सुरू केला. विमानाच्या पंखाखाली बसवलेल्या उपकरणात लेसरची बारीक शलाका असते. थेंब तिला छेदून गेला की प्रकाश विखुरतो आणि त्या विखुरण्याच्या तीव्रतेवरून थेंबाचा आकार कळतो. सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे पावसाळ्यात ढग जमिनीलाच टेकतात. हे ओळखून संस्थेने २०१२ मध्ये तेथे ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली. विमान व डोंगर येथे असंख्य थेंब धावताना मोजले जातात. प्रकाशचिमट्यात एकच थेंब थांबवून पाहिला जातो. जनगणनेचे आकडे आणि एका कुटुंबाची सविस्तर पाहणी ही जशी परस्परपूरक असतात, तशाच या दोन पद्धती आहेत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्रकाशचिमट्याचा उपयोग द्रवातील पेशींसाठी झाला. तेथील संशोधकांनी २००४ मध्ये हिवतापाच्या परजीवीने ग्रासलेल्या रक्तपेशी प्रकाशचिमट्यात धरल्या. तेव्हा निरोगी व बाधित पेशींच्या फिरण्यात फरक दिसून आला. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव यांसारख्या वनव्याप्त तालुक्यांना हिवताप अपरिचित नाही. प्रयोगशाळेतील नाजूक साधनाचा ग्रामीण आरोग्याशी कसा संबंध येऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे.

ढगातील थेंब आणि कृत्रिम पाऊस

गोंदिया जिल्ह्यात वार्षिक पाऊस सरासरी १२०० मिलिमीटरांहून अधिक पडतो. तरीही मृग व आर्द्रा नक्षत्रे कोरडी गेली, तर पऱ्हे वाळू लागतात, रोवणी लांबते आणि कृत्रिम पावसाची मागणी पुढे येते. या मागणीचा विचार थेंबापासून करणे इष्ट ठरेल.

ढगातील प्रत्येक थेंब धूळ, क्षार किंवा धूर यांच्या सूक्ष्म कणाभोवती बनतो. असे कण फार झाले, तर उपलब्ध बाष्प असंख्य थेंबांत वाटले जाते. सारेच थेंब लहान राहतात, एकमेकांवर क्वचितच आदळतात आणि ढग न बरसता पुढे निघून जातो. अशा ढगात योग्य आकाराचे क्षाराचे कण सोडले, तर ते इतरांआधी बाष्प ओढतात व मोठे होतात. खाली उतरताना ते वाटेतील लहान थेंब गोळा करतात. कोणता क्षार, केवढ्या आकाराचा आणि किती आर्द्रतेत काम करील, हे अधांतरी धरलेल्या थेंबावरील मोजमापाने निश्चित करता येते.

महाराष्ट्राला या बाबतीत दीर्घ अनुभव आहे. पुण्याच्या याच संस्थेने १९७३ ते १९८६ या काळातील ११ पावसाळ्यांत बारामती परिसरात विमानाने मिठाची भुकटी ढगांत सोडली. त्या प्रयोगात पावसात सुमारे २४ टक्के वाढ आढळली. २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर येथे झालेल्या प्रयोगात, ज्या दिशेला वारा वाहत होता तिकडच्या सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्क्यांच्या आसपास वाढ नोंदवली गेली. या आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावयास हवा. वाढ झाली ती मुळात योग्य ढग असलेल्या दिवशी. निरभ्र आकाशात ढग निर्माण करण्याची शक्ती या तंत्रात नाही. शिवाय बारामती व सोलापूर हे पर्जन्यछायेचे प्रदेश आहेत. गोंदियाचा बराचसा पाऊस बंगालच्या उपसागरातून छत्तीसगडमार्गे येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यांतून मिळतो, म्हणून तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू होत नाहीत. अवर्षणाच्या वर्षी तलावात साठवलेले पाणी हेच या जिल्ह्याचे खात्रीचे साधन राहते. मालगुजारी तलावातील गाळ काढणे व पाळ दुरुस्त करणे हे काम आकाशातील प्रयोगासाठी थांबवता येण्यासारखे नाही.

फवारणीचा थेंब

थेंबाचे ज्ञान सर्वाधिक निकडीचे आहे ते फवारणीत. धानावर तुडतुडे, खोडकिडा, गादमाशी व करपा यांचा उपद्रव झाला की ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात फवारण्या होतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. डोक्याएवढे वाढलेले पीक, निरनिराळ्या कीटकनाशकांचे मिश्रण व संरक्षक साधनांचा अभाव ही त्यामागील कारणे पुढे आली. त्या दुर्घटनेत थेंबाचा भाग कोणता, हे समजणे प्रत्येक गावाच्या हिताचे आहे.

२०० मायक्रोमीटरचा एक थेंब फोडून २० मायक्रोमीटरचे थेंब केले, तर ते एक हजार होतात. बारीक तुषार पानावर अधिक पसरतात, म्हणून ते चांगले, असा समज आहे. परंतु जमिनीपासून एक मीटर उंचीवर सोडलेला १०० मायक्रोमीटरचा थेंब चार सेकंदांत खाली येतो. सेकंदाला दोन मीटर वाहणारा मंद वारा त्याला आठ मीटरच दूर नेऊ शकतो. १० मायक्रोमीटरच्या थेंबाला तेवढेच उतरण्यास साडेपाच मिनिटे लागतात आणि तोच वारा त्याला सहाशे मीटरांहून पुढे, म्हणजे शेजारच्या बांधीवर, तलावावर किंवा वस्तीवर नेऊ शकतो.

अधांतरी धरलेला थेंब याहून एक सूक्ष्म गोष्ट शिकवतो. थेंब सुकतो तेव्हा पाणी निघून जाते, औषध मागे राहते. मोठा म्हणून निघालेला थेंब दुपारच्या कोरड्या हवेत वाटेतच लहान होतो, त्यातील विषाची तीव्रता वाढते आणि तो खाली न पडता तरंगत राहतो. डोळ्यांना काहीच दिसत नाही. म्हणून धोका टळला असे वाटते. चेहऱ्याला बांधलेला रुमाल अशा सूक्ष्म कणांना पुरेसा अडवत नाही.

यातून निघणारे नियम सोपे आहेत. फवारणी सकाळी किंवा सायंकाळी, ऊन उतरल्यावर करावी. जोराच्या वाऱ्यात ती करू नये, तसेच हवा अगदी कोंडलेली असतानाही करू नये; कारण अशा वेळी बारीक तुषार जमिनीलगत साचून राहतात. वारा पाठीवर किंवा बाजूने घ्यावा, तोंडावर घेऊ नये. झिजलेले नोझल बदलावे आणि अकारण अधिक दाब देऊ नये. योग्य मुखपट, चष्मा व हातमोजे वापरावेत. महिला बचत गटांना ड्रोन देण्याची केंद्र शासनाची योजना २०२३ मध्ये मंजूर झाली असून ड्रोनने फवारणी करताना थेंब पिकाच्या बऱ्याच वरून सुटतो. त्यामुळे उंची, वारा व थेंबाचा आकार यांकडे तेथे अधिकच लक्ष द्यावे लागते.

श्वासातील थेंब

खोकताना, शिंकताना आणि बोलतानाही तोंडातून थेंब बाहेर पडतात. त्यांतील मोठे लगेच खाली पडतात. लहान थेंब सुकून त्यांचे सूक्ष्म कण उरतात व ते खोलीत तरंगतात. क्षयरोगाचा प्रसार याच मार्गाने होतो. २०२० मध्ये आलेल्या कोविडच्या साथीने हा विषय घरोघरी पोहोचवला. इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठात त्या विषाणूचे थेंब अधांतरी धरून तपासण्यात आले. त्यासाठी लेसरऐवजी विद्युत क्षेत्राचा उपयोग केला होता. तत्त्व मात्र तेच, थेंबाला स्पर्श होऊ न देण्याचे. कोरड्या हवेत थेंब सुकताच विषाणूंची संसर्गक्षमता काही सेकंदांत निम्म्यावर आली. दमट हवेत ती अधिक काळ टिकली, तरी २० मिनिटांत सुमारे ९० टक्के घटली. थेंबातील कर्बवायू निघून गेल्याने त्याची अल्कता वाढते, हे त्याचे एक कारण संशोधकांनी दिले.

याचा अर्थ असा की, पहिल्या काही मिनिटांतील हवा ही सर्वांत जोखमीची असते आणि ती हलती ठेवणे हा साधा उपाय आहे. पावसाळ्यात वर्गखोल्या, अंगणवाड्या व उपकेंद्रे यांची दारे-खिडक्या बंद ठेवण्याकडे कल असतो. समोरासमोरील खिडक्या उघड्या राहतील अशी रचना व पाऊस आत येऊ न देणारे छज्जे यांसाठी इमारतीच्या दुरुस्तीतच तरतूद करणे श्रेयस्कर होय.

शाळांसाठी सोपे प्रयोग

प्रकाशचिमटा शाळेत उभारता येणार नाही. परंतु त्यामागील तत्त्वे अल्प खर्चात दाखवता येतात. सुई काढलेल्या इंजेक्शनच्या नळीत तलावाचे पाणी घ्यावे व तिच्या टोकाला एक थेंब लोंबकळत ठेवावा. अंधाऱ्या खोलीत हिरव्या लेसर-दर्शकाचा किरण त्या थेंबातून आडवा जाऊ द्यावा. समोरच्या भिंतीवर मोठे वर्तुळ उमटते आणि त्यात पाण्यातील सूक्ष्म जीवांच्या हलत्या सावल्या दिसतात. थेंब हे भिंग आहे, हे विद्यार्थ्यांना यावरून पटते. अगरबत्तीचा धूर भरलेल्या काचेच्या बरणीत तोच किरण सोडला, तर एरवी न दिसणारी त्याची वाट उजळून निघते. ढगातील थेंब मोजण्याचे तत्त्व हेच आहे. पावसाळ्यात एका बशीत मीठ उघडे ठेवावे व दुसऱ्या बशीतील मीठ घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे. दोन्ही बश्यांतील फरक रोज टिपून ठेवल्यास आर्द्रतेचा धडा आपोआप होतो.

लेसरचा किरण डोळ्यांत जाणे घातक आहे. म्हणून कमी शक्तीचाच दर्शक वापरावा, तो शिक्षकांनी स्वतः पक्का बसवावा, किरणाच्या वाटेत आरसा किंवा चकचकीत वस्तू ठेवू नये आणि विद्यार्थ्यांना किरणाच्या समोर उभे करू नये.

समारोप

पन्नास वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत प्रकाशाच्या झोतावर एक थेंब तरंगला, तेव्हा त्याचा शेतीशी किंवा दवाखान्याशी संबंध जोडणे कठीण होते. आज त्या थेंबाने दिलेले ज्ञान ढगांच्या अभ्यासात, औषधाच्या वाफेत आणि रोगप्रसाराच्या विचारात वापरले जात आहे. त्यासाठी गोंदियाच्या ग्रामपंचायतींना लेसर खरेदी करण्याचे कारण नाही. फवारणीच्या हंगामापूर्वी कृषी सहायक, शिक्षक व आरोग्य सेविका यांनी ग्रामसभेत एकत्र बसून थेंब, वारा व वेळ यांची माहिती दिली आणि फवारणी करणाऱ्या प्रत्येक मजुराला संरक्षक साधने मिळतात की नाही, याची नोंद ठेवली, तर या ज्ञानाचा लाभ थेट बांधीपर्यंत पोहोचेल. हवेतील थेंब दिसत नाही. त्याचे परिणाम मात्र दिसतात, आणि ते दिसण्यापूर्वीच सावध होता येते.